पिंपाला दिलेली धुरी

बुधवार, २८ ऑगस्ट

समीक्षाच्या प्लेटलेट्स आज बासष्ट हजार. डॉक्टर म्हणाले, वाढायला लागल्यात, आता काळजी नाही. पोस्टातून सुटून थेट ठाण्याला हॉस्पिटलात गेले तर बापलेकीचं वाजत होतं.

"बाबा, तो पंखा बंद कर ना."

"डॉक्टरांनी हवा खेळती ठेवायला सांगितलंय."

"डेंगी मला झालाय की तुला?"

मला पाहिल्यावर मात्र लगेच आवाज उतरला. "मेघनाताई, त्रास नसेल तर ती उशी जरा देता का?" गुणी आहे पोरगी. राजरत्नशी लग्न होऊन मला चार वर्षं झाली, त्याच्या या मुलीने एकदाही मला उलट उत्तर दिलं नाही. लोणचं घ्यायचं तरी विचारून घेते, 'घेऊ का थोडं?' बेचाळिसाव्या वर्षी लग्न करताना मला सगळ्यांनी सावत्र मुलीची भीती घातली होती. माझंच नशीब चांगलं.

तिला कामाची काळजी लागून राहिलीय. उद्या गोव्याहून लाकडी पिंपं येणार. त्यांत आधी रम मुरवलेली होती. आता त्यांत हिची बीअर मुरणार, आठ-नऊ महिने. 'मिठागर' ही तिची आणि साकेतची भागीदारीतली छोटी ब्रुअरी, कोलशेतच्या एका गाळ्यात. साकेत नेमका मशीनच्या कामाला कोइमतूरला गेलाय. म्हणून पिंपं उतरवून घ्यायला मी जाणार.

"रिकामं पिंप ठेवलं तर आत बुरशी धरते," ती म्हणाली. "आत गंधकाची कांडी जाळून धूर कोंडायचा असतो. आमची गंधकाची पुडी अजून आलीच नाही. जाऊ दे, तुम्ही फक्त उतरवून घ्या. बाकी मी आल्यावर बघते. प्लीज हं."

झोपेतसुद्धा कपाळाला आठी होती तिच्या.

गुरुवार, २९ ऑगस्ट

आज मी एक काम केलं आणि मला फार बरं वाटतंय.

रात्री विचार करताना लक्षात आलं की धूर कोंडणं म्हणजे काही नवीन नाही. लोणच्याची बरणी भरायच्या आधी आपण हेच करतो. निखाऱ्यावर हिंगाचा खडा ठेवायचा, वर बरणी उपडी घालायची. आईने दिलेली धुरी असेल तर लोणच्याला वर्ष वर्ष बुरशी येत नसे. गंधक नसेल तर हिंग. मग काय, सकाळी खालच्या इस्त्रीवाल्याकडून चार कोळसे घेतले, डब्यातला खडा हिंग पदराच्या टोकाला बांधला आणि निघाले.

पिंपं तीन आली. प्रत्येकाला कमरेएवढं पोट, आणि पोटाला बुचाचं एकच भोक. पांढऱ्या खडूने १, २, ३ असे आकडे घातलेले. दोन नंबरचं दाराजवळ होतं. तिथले वॉचमन दौलतकाका कोलशेत गावातलेच. त्यांना म्हटलं, जरा कलवायला मदत करा. चार विटांवर पिंप असं ठेवलं की भोक खाली आलं आणि त्याखाली निखारा.

"काय गो बाय, या पिंपान लोनचा घालतेस काय?"

"लोणचंच समजा काका."

"मंग मना पन दे थोरासा."

धूर आत जाताना इतका छान दिसत होता. सुपारीपेक्षा मोठा खडा होता, तो सगळा एकालाच लागला. एक आणि तीन तशीच राहिली, याची चुटपुट लागलीय. पण काकांची कंबरही धरली होती.

रात्री राजरत्नला सांगितलं तर म्हणाला, "तू माझ्या मुलीच्या दारूला फोडणी देणार एक दिवस." तो तिच्या कारखान्यात आजवर गेलेला नाही. आमच्या घरात कुणी दारूला शिवत नाही, पंचशील घेतलेलं घर. पण रोज संध्याकाळी फोन करून 'जेवलीस का' विचारतो.

समीक्षाला आत्ताच सांगणार नाही. आजारी माणसाला केलेल्या कामाचे पाढे कशाला वाचून दाखवायचे?

रविवार, १५ सप्टेंबर

काल पिंपं भरली. अजून नीट उभं राहवत नाही हिला, पण हट्ट. कढत पाण्याने विसळली आणि भरली. तोंडाची चव गेलेलीच आहे. माझा मऊ भात खाताना म्हणाली, "कापूस खाल्ल्यासारखं वाटतंय, सॉरी मेघनाताई."

आता मेपर्यंत बुचाला हात लावायचा नाही म्हणे. सारखं उघडलं की आत हवा जाते. मी म्हटलं, लोणच्याचंही तसंच असतं. ती हसली. धुरीचं सांगायला ती वेळ चांगली होती. पण तेवढ्यात साकेतचा फोन आला.

रविवार, ९ फेब्रुवारी

आज पिंपांना जवळजवळ पाच महिने झाले. लोणचं असतं तर एव्हाना संपलं असतं.

रविवार, ११ मे

लिहायला नको वाटतंय. तरी लिहिते.

आज पिंपं उघडली. समीक्षाने मला मुद्दाम बोलावलं. "पिऊ नका, नुसता वास घ्या. तुम्ही नसतात तर ती पिंपं रस्त्यावर पडली असती." मी मोरपंखी साडी नेसून गेले. राजरत्न म्हणाला, "मी नको. माझं तोंड बघून तिची बीअर आंबेल."

ती, साकेत आणि पुण्याहून आलेला प्रेम नावाचा एक ब्रुअर. प्रेम यांच्याहून अनुभवी, त्याचं मत घ्यायचं होतं. छोटे ग्लास, पोट फुगलेले, तोंडाशी निमुळते. ही बीअर थंडगार देत नाहीत. गार असली की वास झोपून राहतात म्हणाली. इम्पिरियल स्टाउट म्हणतात हिला, नेहमीच्या बीअरच्या दुप्पट कडक.

आधी एक नंबर. काकवीसारखी काळी. ग्लास तिरका केला की काचेला तपकिरी ओघळ धरून राहतो. मी नाक घातलं आणि खरं सांगते, मला मोह झाला. आधी करपायला आलेला गूळ. मग कॉफी. मग भिजवलेल्या मनुका. आणि सगळ्यात मागे लाकडाचा वास, जुनं शिसवी कपाट उघडल्यावर येतो तसा, गोड आणि बंद. प्रेमने घोट घेतला आणि डोळे मिटले. "छातीपर्यंत गरम गेलं," म्हणाला. "आणि तरी गोड नाही. कडूपणा शेवटी येतो, हळूच."

मी विचारलं, "तुम्ही थुंकत नाही? टीव्हीवर वाइनवाले थुंकतात."

"बीअरचा कडूपणा घशात कळतो, मेघनाताई," समीक्षा म्हणाली. "गिळल्याशिवाय नाही कळत." इतकी आनंदात होती. मला वाटलं, हिची आई असायला हवी होती इथे.

मग दोन नंबर.

साकेत म्हणाला, "ये क्या है बॉस?"

"कांदा," प्रेम म्हणाला. "जळका कांदा. लसूण. काहीतरी बसलंय आत."

समीक्षाने तीनदा वास घेतला. मी ग्लास उचलला. एका श्वासात कळलं. माझ्या आईचं फडताळ. हिंग.

"काकू, तुम्हाला काय वाटतं?" साकेतने विचारलं.

"मला यातलं काय कळतं," मी म्हणाले.

तीन नंबर सगळ्यांना चांगला वाटला. फक्त समीक्षा म्हणाली, "मला यातही येतोय." प्रेमने नाही म्हटलं, साकेतने नाही म्हटलं. ती ऐकेना. "इन्फेक्शन आहे. एकाच पाइपने तिन्ही भरलीत. आज दोनमध्ये आहे, उद्या बाटल्यांत सगळीकडे होईल, बाटल्या फुटतील. भरताना मला वासच येत नव्हता रे. तापाने नाक गेलेलं, तरी मी हट्टाने भरली. माझी चूक."

प्रेम म्हणाला, "पहिल्या वेळी होतं असं." त्याने चांगल्या मनानेच म्हटलं. पण तिचा चेहरा बघवेना.

राजरत्नला सांगितलं. आधी तो डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. मग थांबला. "सांगितलंस तिला?"

"उद्या सांगते."

सोमवार, १२ मे

बुद्धपौर्णिमा. खीर केली. तिघांनी मिळून वंदना घेतली. दरवर्षी पाचव्या, दारू न पिण्याच्या शीलाला राजरत्न आवाज जरा चढवतो आणि समीक्षा माझ्याकडे बघून हसू दाबते. या वर्षी तिने मान वर केली नाही. माझी जीभ मात्र चौथ्यालाच अडखळली. खोटं बोलणार नाही, हे मी कुठल्या तोंडाने म्हणू? ओठ हलवले नुसते.

आज सणाचा दिवस. आज नको.

गुरुवार, १५ मे

काल सांगायला तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. ती म्हणाली, "या ना, बसा ना," आणि खुर्चीवरचे कपडे उचलून जागा केली. पाहुण्यांना करतात तशी. मी म्हटलं, चहा हवाय का विचारायला आले. "नको, थँक्यू."

राजरत्न म्हणतो, "मी सांगणार नाही. ते तुझं आहे. पण ती जेवत नाहीये, एवढं बघ."

मला कळतं. पण चार वर्षं एकेक वीट रचत आणलंय. ही माझ्या घरातली मुलगी माझ्याशी कधी वाकडं बोलत नाही, ते सगळं एका सुपारीएवढ्या खड्यापायी जायचं?

रविवार, १८ मे

गेले चार दिवस सकाळी समीक्षा माझ्या आधी स्वयंपाकघरात असते. डबे उघडून बघत असते. चहापत्ती, वेलची, मिरी. काल तर फिनेलची बाटलीसुद्धा. काय हवंय विचारलं की 'काही नाही' म्हणते. भूक लागत असेल नि सांगायला संकोचत असेल. आज तिच्यासाठी बेसनाचे लाडू करून ठेवले. हात लावला नाही.

बुधवार, २१ मे

ठरलं. शनिवारी तिन्ही पिंपं ओतून टाकणार. साकेतचं मन नाही. एक नि तीन ठेवून बघू म्हणतो. त्याचा फोन स्पीकरवर होता. "अगं, तू एकटीच बोलतेयस की वास येतोय. आम्हा दोघांना येत नाही."

"तेच तर! वास असतो तेव्हा मला येत नाही आणि नसतो तेव्हा येतो. अशी बाई बीअर बनवते?"

मग म्हणाली, पुण्याच्या एका डेअरीत कागदपत्रांचं काम आहे, तिथे अर्ज केलाय. वास घ्यायचं काम नाही त्यात.

सहाशे लिटर. तिने एवढ्याशा दाण्यापासून भाजून, भिजवून केलेली. आणि ती स्वतः.

उद्या अर्धी रजा टाकते. आता लिहून ठेवते म्हणजे मागे फिरता येणार नाही.

गुरुवार, २२ मे

ती गमबूट घालून जमीन धूत होती. मी दारातूनच बोलले. आत जाऊन बसले असते तर पुन्हा चहाचंच विचारलं असतं.

"समीक्षा, दोन नंबरमध्ये इन्फेक्शन नाहीये. हिंग आहे."

"काय?"

"हिंग. मी धुरी दिली होती. तू हॉस्पिटलात होतीस तेव्हा. बरणीला देतो तशी. तू गंधक म्हणालीस ना, म्हणून."

तिने नळ बंद केला.

"कुठलं हिंग?"

"खडा."

"केवढा?"

"सुपारीएवढा. जरा मोठाच."

"आणि एक, तीन?"

"त्यांना नाही. संपला."

ती उपड्या क्रेटवर बसली. खांदे हलत होते. मला वाटलं रडतेय. हसत होती. मलाही हसू फुटणार होतं, तेवढ्यात तिने वर बघितलं.

"तुम्हाला कधी कळलं?"

"अकरा तारखेला."

"वास घेतल्यावर किती वेळाने?"

"लगेच."

मग ती ओरडली. इतक्या जोरात की दौलतकाका फाटकातून धावत आले. "अकरा दिवस! पिंप गेलं खड्ड्यात! अकरा दिवस मी सकाळी उठून तुमचे डबे हुंगतेय, नाक चालतंय का बघायला! वेलची हुंगतेय, फिनेल हुंगतेय! आणि तुम्ही तिथे ओट्याशी उभ्या! लाडू करताय मला!"

"मला वाटलं तुला भूक—"

"भूक? काय वाटलं होतं तुम्हाला, मी काय करीन? घरातून काढीन?"

जवळजवळ तेच वाटलं होतं.

"जा तुम्ही. आत्ता जा. मी आत्ता चांगलं बोलू शकत नाही."

दौलतकाकांनी रिक्षा थांबवून दिली. म्हणाले, "पोरगी चिरली हाय, पन खरा बोललीस ता बेस केलास." मी ठाण्यापर्यंत रडले. पण गेल्या अकरा दिवसांत पहिल्यांदा आज जेवण गेलं, तेही लिहायला हवं.

शुक्रवार, २३ मे

बोलली नाही. दार आपटलं दोनदा. संपलं सगळं बहुतेक.

रात्री दारात येऊन म्हणाली, "उद्या सकाळी नऊला चला माझ्याबरोबर. काम आहे." एवढंच.

शनिवार, २४ मे

काम काय, ते कळल्यावर मला घामच फुटला. एक आणि तीनमध्ये खरंच काही नाही ना, आणि तिचं नाक तिला खोटं सांगतंय का, या दोन्हीचा निकाल लावायचा होता. त्यांच्या कामात एक रीत असते. तीन ग्लास ठेवायचे. दोनांत एकच बीअर, तिसऱ्यात दुसरी. चाखणाऱ्याने डोळे बांधून वेगळा ग्लास ओळखायचा. हिंगाचा वास पक्का ओळखणारी मी एकटी, तेव्हा ग्लास मी भरायचे. ओळखणार ती.

तिने गळ्यातला रुमाल सोडून डोळ्यांवर बांधला. मी भरायला लागले. साकेत कागदावर लिहीत होता. पहिल्यांदा एक नंबरचे दोन आणि दोन नंबरचा एक. तिने तिन्ही हुंगले. "मधला." बरोबर.

दुसऱ्यांदा तीन नंबरचे दोन आणि पुन्हा दोन नंबरचा एक. "डावीकडचा." बरोबर.

मग मी जागा बदलल्या, उलटंपालटं केलं. ती घोट घेई, पाणी पिई, थांबे. माझंच तोंड कोरडं पडलेलं. आठ वेळा झालं. आठही वेळा बरोबर. नवव्या वेळी मी तिला न सांगता तिन्ही ग्लासांत एक नंबरच भरला. रीतीत बसत नाही हे. पण मला राहवेना. अकरा तारखेला तिला नसलेला वास आला होता.

ती खूप वेळ हुंगत राहिली. पुन्हा पहिल्यापासून. साकेत माझ्याकडे डोळे मोठे करून बघत होता.

"मेघनाताई," ती म्हणाली, "यात नाहीये. कशातच नाहीये. काय चाललंय तुमचं?"

साकेतने टेबलावर थाप मारली. "नाक एकदम कडक आहे मॅडमचं!"

तिने रुमाल काढला, त्यातच नाक शिंकरलं, आणि पाठ करून बराच वेळ ग्लास धूत बसली. तीनच ग्लास होते.

मग दोन नंबर ओतलं. मला वाटलं होतं, काहीतरी मार्ग निघेल, कुणाला तरी आवडेल. प्रेमला फोनवर विचारलं तर म्हणाला, मटणात घाला. पण दोनशे लिटर मटण कोण करणार? समीक्षा म्हणाली, "नाही. वाईट ते वाईट. विकायचं नाही." बूच मी काढलं. काळा लोट मोरीत गेला आणि सगळ्या आवारात वास भरला. दौलतकाका नाकाला उपरणं लावून म्हणाले, "आख्ख्या कोलशेतला फोरनी बसली गो!"

एक आणि तीन पुढच्या आठवड्यात बाटल्यांत भरणार. डेअरीच्या अर्जाचं मी विचारलं नाही. साकेतने विचारलं. "कुठली डेअरी?" असं म्हणाली.

येताना रिक्षा केली. बाळकुमपाशी झोप लागली तिला. डोकं माझ्या खांद्यावर पडलं. घामाचा, गुळाचा आणि हिंगाचा वास. मी स्टेशन येईपर्यंत हलले नाही. मुंग्या आल्या हाताला.

शनिवार, ७ जून

आज माझं डोकं फिरलंय.

सकाळी डबा भरत होते, तर समीक्षा फ्रिज उघडून किंचाळली. "ही कोथिंबीर कुणी ओली ठेवली? पूर्ण सडलीय! कितीदा सांगितलं, आधी पुसायची, मग ठेवायची!"

मी म्हटलं, मला कधी सांगितलंस?

"मनात सांगितलं! चार वर्षं मनात सांगतेय! आणि ते ओट्याचं फडकं. त्यानेच डायनिंग टेबल पुसतेस. शी! मला किती वर्षं घाण वाटते!"

चार वर्षं! मीही सोडलं नाही. म्हटलं, तुझे ते गमबूट दारात पडलेले असतात, त्याचा वास येतो तो? आवाज चढला दोघींचा. राजरत्न मध्ये पडायला गेला तर त्यालाच म्हणाली, "बाबा, तू गप्प बस. आमचं चाललंय." आणि त्याला हसायला काय झालं होतं, देव जाणे. पेपर तोंडासमोर धरून हसत होता.

कुठे काय चुकलं माझं, कळत नाही. इतकी गुणी होती. मला वाटतं पिंपाचा राग अजून मनात असणार. तसं म्हटलं राजरत्नला, तर म्हणाला, "असेल, असेल," आणि पुन्हा हसला.

शिवाय जाताना माझ्या ताटातली अर्धी पोळी मोडून तोंडात घातली, माझीच छत्री उचलली आणि दार आपटून गेली. विचारलंसुद्धा नाही. बाहेर धो धो कोसळतोय आणि मला दहाला पोस्टात पोहोचायचंय. आता मी काय, डोक्यावर ताट धरून जाऊ?